बंद काटा गरम कसा

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला बाजारात सगळे काटेवालाच म्हणायचे, आणि तोही त्यावर खूश होता. आपलं खरं नाव फार जणांना कळू नये, असं त्याचं मत. आता नाव कळून कुणी काय डोंबल करणार होतं? पण नाही. पार्सल घेऊन येणाऱ्या पोराला हा दार किलकिलं करून आधी विचारायचा, "कुणी पाठवलंय? मी मागवलंय हे तुला कुणी सांगितलं?" पोरगं बिचारं खोक्यावरच्या पत्त्याकडे बघत राहायचं.

त्याला दोष तरी कसा द्यायचा? उभं आयुष्य लोकांच्या लबाड्या उकरण्यात गेलेलं. खांद्याला पिशवी, पिशवीत लाकडी पेटी, पेटीत मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी वजनं. ती हातानं उचलायची नाहीत, बोटांचा घाम लागतो, म्हणून चिमट्यानं उचलायची. दुकानात शिरला की आधी काटा सपाट ठेवलाय का ते बघणार, मग पारडं उचलून खालून बोट फिरवणार. कुठे मेणाचा गोळा सापडायचा, कुठे चुंबक. दुकानदार म्हणायचा, "अहो, चुकून राहिलं असेल." हा म्हणायचा, "चुकून राहिलेलं नेमकं तुमच्याच फायद्याचं कसं राहतं हो?" त्यामुळे कामाला त्याला सगळे बोलवायचे आणि चहाला कुणीच बोलवायचं नाही.

हे बाजारात ठीक. पण स्वारी घरी आली तरी तीच. बायकोनं कांदे आणले की हा ते पिशवीसकट काट्यावर ठेवणार. "कमी आहेत." ती म्हणायची, "वाटेत मीच खाल्ले, कच्चे." तिनं कुलूप लावलं की हा मागून ओढून बघणार. तिनं गॅस बंद केला की हा वाकून बघणार. भाजी वजनाला कमी भरली तर दुकानदाराला चार शब्द सुनावून परत यायचा हेही खरं, आणि ती कधी आजारी पडली तर औषधाची वेळ घड्याळापेक्षा नेमकी सांभाळायचा हेही खरं. म्हणून तिनं सगळं हसण्यावारी नेलं. मूलबाळ नव्हतं, घरात दोघंच. रुसायचं म्हटलं तरी कुणाकडे बघून रुसणार?

तर या माणसाला नोडचं वेड लागलं एका सोनाराच्या दुकानात. काटा तपासून झाला होता, सोनार सही करायला आत गेला होता, आणि दोन गिऱ्हाइकं क्रिप्टोबद्दल बोलत होती. एकानं विचारलं, "पण याचा हिशोब ठेवतो कोण?" दुसरा म्हणाला, "कुणी एक जण नाही. सगळेच ठेवतात." काटेवाल्याचे कान टवकारले. असं कसं? सगळेच ठेवतात तर खोटं कोण पकडतो?

मग त्यानं आपल्या दुरुस्तीच्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर महिनोन् महिने वाचन केलं. त्याला कळलं ते असं. या आभासी नाण्याचे जगभरातले सगळे व्यवहार हजारो लोकांच्या यंत्रांवर जसेच्या तसे उतरवलेले असतात. नवा व्यवहार आला की प्रत्येक यंत्र तो स्वतः तपासतं आणि जुळला नाही तर फेकून देतं, मग तो पाठवणारा कुणीही लाटसाहेब असो. अशा यंत्राला म्हणतात नोड. तो चालवल्याबद्दल कुणी छदामही देत नाही. काटेवाल्याला भरून आलं हो, खरंच. जगात आपल्यासारखी इतकी माणसं आहेत, कुणाच्या सांगण्यावर न जाता स्वतः मोजणारी, याचा त्याला पत्ताच नव्हता! त्यानं कॉम्प्युटर मोडून त्याचं एक छोटं यंत्र जुळवलं, त्याला मोठी डिस्क जोडली आणि नोड सुरू केला.

नाणं मात्र एकही घेतलं नाही. नाणं घ्यायचं म्हणजे उद्या त्याचा भाव वर जाईल यावर विश्वास ठेवायचा, आणि विश्वास हे काही त्याचं खातं नव्हतं. लोकांच्या नाण्यांची फुकटात राखण करत बसलेला हा शहाणा, खिशात दमडी नाही!

सुरू केल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याच्या मनात पाल चुकचुकली. घरच्या इंटरनेटवरून नोड चालवला तर ज्याला बघायचंय त्याला दिसणार, की या पत्त्यावर असलं यंत्र आहे. एखाद्या चोराला वाटलं की इथे नाण्यांचं घबाड आहे, तर? चोर काय आधी नम्रपणे विचारणार आहे, साहेब, तुमच्याकडे नाणी आहेत की तुम्ही नुसतीच तपासता? म्हणून त्यानं नोड टॉरवर नेला. टॉर म्हणजे आडवाटेनं जाणारं जाळं. तुमचा निरोप पाकिटात पाकीट, त्यात आणखी पाकीट असा बांधून अनोळखी लोकांच्या यंत्रांतून फिरवतात. प्रत्येकाला फक्त मागचा आणि पुढचा माहीत; कुठून निघालं आणि कुठे पोचणार हे वाटेतल्या कुणालाच ठाऊक नाही. काटेवाला म्हणाला, झकास! सगळे जुने व्यवहार त्या वळणावळणाच्या वाटेनं उतरायला इतका वेळ लागला की दुसरा कुणी असता तर नाद सोडून दिला असता. हा रोज बघायचा आणि मान डोलवायचा.

पण संशयाला काय, एक खिडकी लावली की तो दुसरीतून येतो. आपण बुरखा घेतला, ते ठीक. पण आता आपल्याशी बोलणारेही सगळे बुरख्यातलेच! ही आठ-दहा यंत्रं आपल्याला खबर देतात, ती खरंच आठ-दहा माणसांची आहेत, की एकच इसम आठ-दहा बुरखे घालून आपल्याला गुंडाळतोय? मग तो मधूनच सगळ्या जोडण्या तोडायचा आणि नव्या घ्यायचा. नवे आले की पुन्हा तोच विचार. चांगली करमणूक होती म्हणायची.

आणि यंत्र ठेवलं कुठे? झोपायच्या खोलीत फळीवर मोडके काटे रचून ठेवले होते. त्यातल्या एका जाडजूड, तबकडीवाल्या काट्याचं पोट त्यानं रिकामं केलं आणि आत यंत्र बसवलं. वायरीला भिंतीचा रंग फासला. बायकोला सांगितलं नाही. ती बहिणीला सांगेल, बहीण नवऱ्याला सांगेल, त्याचं मोबाइलचं दुकान. म्हणजे बाजारात दवंडीच. असा त्याचा हिशोब. तिला एकदा विचारून तर बघायचं होतं, पण तेवढं डोकं चाललं नाही. त्याला अडीच-तीन वर्षं झाली. दरम्यान त्याच्या सासूबाई आजारी पडून गेल्या. नोड चालतच होता.

एके दिवशी बायको फळी झटकायला स्टुलावर चढली. एकेक काटा पुसत पुसत ती त्या जाड काट्याशी आली, हात ठेवला आणि थबकली. काटा गरम. तिनं तबकडीवर बघितलं, तर काटा शून्यावर होता खरा, पण बारीक थरथरत होता. आतल्या पंख्याची थरथर ती, पण तिला काय माहीत? त्या घरात इतकी वर्षं नांदलेल्या बाईला दुसरं काही कळो न कळो, एवढं कळतं की पारड्यात काही नसेल तर काटा हलत नाही. तिनं खाली उतरून पदरानं घाम पुसला. नवऱ्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं आधी हेच विचारलं असतं, की तू हात कशाला लावलास. तिनं बहिणीला फोन केला.

इकडे काटेवाल्याला संध्याकाळी दिसलं की त्या काट्यावरची धूळ इतरांपेक्षा जास्त साफ पुसलेली आहे. झालं! त्यानं काट्याच्या झाकणावर एक केस चिकटवला. दुसऱ्या दिवशी केस नाही. म्हणजे हिनं झाकण उघडलं. का उघडलं? कुणाच्या सांगण्यावरून? ताटावर बसून तो तिच्याकडे तिरक्या नजरेनं बघायचा आणि ती त्याच्याकडे. दोघांनाही वाटायचं, समोरच्याला काही कळलेलं नाही.

"आज गप्प गप्प?" तो विचारायचा.

"मी? तुम्हीच गप्प."

"मी नेहमीच असतो."

"तेच तर," ती म्हणायची, आणि आमटी वाढायची.

रविवारी मेहुणी आणि साडू दोघंही आले. साडूनं चहासुद्धा घेतला नाही. खुर्ची ओढली, फळीवरून तो काटा उतरवला, टेबलावर ठेवला आणि मागचं झाकण काढलं. आत हिरवा दिवा लुकलुकत होता.

"काय साडूभाऊ," तो म्हणाला, "हा काटा काय वजन करतो म्हणायचा?"

मग काटेवाल्यानं सगळं सांगितलं. अगदी पहिल्यापासून, सोनाराच्या दुकानापासून. बोलता बोलता तो रंगलाही. जगभरची यंत्रं, टॉर, बुरखे. साडू मान हलवत होता. पण ऐकणाऱ्याची मान वेगळी हलते आणि न पटणाऱ्याची वेगळी.

"थांबा थांबा. म्हणजे वीज तुमची, इंटरनेट तुमचं, यंत्र तुमचं, राखण तुमची, आणि नाणं तुमच्याकडे एकही नाही?"

"नाही."

"मग इतकं लपवायचं कशाला?"

"कुणाला वाटू नये की आहेत, म्हणून."

साडू हसला. मेहुणीही हसली. खरं सांगायचं तर दुसरं कुणी असतं तर काटेवालाही हसला असता. असं उत्तर एखाद्या दुकानदारानं दिलं असतं, तर यानं त्याचं पारडं उलटं करून बघितलं असतं.

बायको हसली नाही. "हे कधीपासून आहे?" तिनं विचारलं.

त्यानं सांगितलं. तिनं मनातल्या मनात मागे मोजलं आणि तिचा चेहरा उतरला. "म्हणजे आई आजारी पडली त्याच्या आधीपासून."

तेव्हा कुठे काटेवाल्याला कळलं की प्रश्न नाण्यांचा नाहीच. तिच्या आईला डॉक्टरांनी मोठ्या, खासगी हॉस्पिटलात न्यायला सांगितलं होतं. बायकोनं याला विचारलं होतं, जमेल का? यानं सगळं धुंडाळून सांगितलं होतं, नाही जमणार. म्हातारी सरकारी हॉस्पिटलात, दाराशेजारच्या खाटेवर गेली. बायकोनं त्यावर नवऱ्याला कधी बोल लावला नाही. नव्हतेच पैसे, तर तो तरी काय करणार, असं तिनं स्वतःला समजावलं होतं आणि त्याच समजुतीवर ती उभी होती. आता तीच जमीन हलली. पैसे होते आणि यानं नाही म्हटलं असेल, तर या माणसाबरोबर एक दिवसही काढणं तिला शक्य नव्हतं.

"अगं, नव्हते तेव्हा. आताही नाहीत," तो म्हणाला. "हे बघ, फोडून टाकतो हे." आणि खरंच त्यानं हातोडी उचलली.

"फोडा की," साडू म्हणाला. "नाणी काय त्या डबड्यात असतात होय? बारा शब्द असतात. ते ज्याला पाठ, त्याची नाणी. कुठल्याही मोबाइलवर ते बारा शब्द टाकले की झालं. डोक्यात ठेवतात लोक."

"माझ्या डोक्यात कसलेही बारा शब्द नाहीत!"

"आता ते कसं कळायचं?"

काटेवाल्यानं हातोडी खाली ठेवली. हे त्याला सुचलंच नव्हतं. असलेली गोष्ट दाखवता येते. नसलेली कुठून आणून टेबलावर ठेवणार?

तरी त्यानं हात टेकले नाहीत. सोमवारी बँकेत जाऊन जुने सगळे कागद काढून आणले. बायको म्हणाली, "बँकेत नसतातच म्हणे ती." त्यानं स्वतःचा मोबाइल तिच्यापुढे ठेवला, बघ काय बघायचं ते. ती म्हणाली, "दुसरा असेल." आता हे तिचं बोलणं नव्हतं, तिला असं बोलायची सवयच नव्हती. हे बोलणं घरात ज्याचं होतं त्याचंच तिला लागलं होतं. मग तो कॉम्प्युटरच्या कामातल्या एका जाणत्या माणसाकडे तिला घेऊन गेला. तो सज्जन होता, यंत्र नीट तपासून म्हणाला, "वहिनी, इथे तर काही दिसत नाही. नोड आहे फक्त." बायकोनं विचारलं, "म्हणजे यांच्याकडे नाणी नाहीत?" तो घुटमळला. "तसं... खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही." काटेवाल्याला त्याचा गळा दाबावासा वाटला. खोटं बोलायला काय जात होतं रे तुझं?

परत येताना दोघं एकामागून एक चालत होती. तिच्या पाठीकडे बघताना त्याला भीती वाटली. ही जाईल. घर रिकामं होईल.

तीन-चार दिवस असेच गेले. मग एका दुपारी तो लवकर घरी आला, कामात लक्षच लागत नव्हतं. ती स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. तिनं फडकं बाजूला ठेवलं.

"इकडे या. एकदाच विचारते. यंत्राचं नको, कागदाचं नको. आईच्या वेळी पैसे होते?"

"नव्हते गं."

तिनं त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यानंही नजर खाली घातली नाही. मग तिचे डोळे भरून आले, आणि ती म्हणाली, "नव्हते म्हणता ना? मग नव्हते. संपलं. त्या बहिणीच्या नवऱ्याला मी सांगते, पुन्हा हा विषय काढायचा नाही." तिनं नाक ओढलं, चहाचं आधण ठेवलं. पाठमोरी झाली तेव्हा तिचे खांदे सैल पडलेले दिसत होते. घर वाचलं होतं. इतकं सोपं होतं हो सगळं!

आता या माणसानं गप बसून चहा प्यावा की नाही? नाही. तो दारातच उभा राहिला. पाण्याला उकळी फुटायच्या आत त्याच्या तोंडून गेलं, "कशावरून?"

"काय कशावरून?"

"म्हणजे तुझा विश्वास बसला, तो कशावरून? पुरावा तर मी एकही देऊ शकलो नाही. की उगाच भांडण नको म्हणून म्हणतेस? मनात अजून असेल तर तसं सांग."

तिनं गॅस बंद केला. वळली. रडत नव्हती आता.

"अहो, इतकी वर्षं तुम्ही माझे कांदे मोजलेत, मी काही बोलले नाही. मला वाटायचं, स्वभाव आहे. कुलूप ओढून बघितलंत, मी काही बोलले नाही. घरात यंत्र ठेवलंत, बुरख्यातल्या कुठल्या कुठल्या माणसांना जोडून घेतलंत आणि मला सांगितलं नाहीत, तेही मी आत्ता सोडून दिलं. माझ्या आईचं मी सोडून दिलं. तुमच्या एका शब्दावर. आणि तेही तुम्हाला पारड्यात घालून बघायचंय?"

"तसं नाही गं, मी आपलं..."

"तसंच आहे. काय ठेवू मी दुसऱ्या पारड्यात? सांगा ना. आहे माझ्याकडे काही?"

त्याच्याकडे एकच उत्तर होतं, की तुला गमावण्याच्या भीतीनं विचारलं गं मी. पण ते तोंडातून निघेना, कारण आता ते तरी ती कशावरून खरं मानणार, असा विचार आधी मनात आला. म्हणजे बघा!

ती आतून पिशवी घेऊन आली. चार कपडे, चष्म्याचं घर, रक्तदाबाच्या गोळ्या. "बहिणीकडे जातेय. पैशाच्या संशयानं जातेय असं कुणाला सांगू नका. तो संशय माझा फिटलाय." चपला घातल्या. "थकले मी, बाकी काही नाही." आणि जिन्यावरून तिची पावलं खाली जाताना त्याला ऐकू आली.

तो स्टुलावर बसला. भांड्यात पाणी निवत होतं. नेहमीप्रमाणे मनानं लगेच धंदा सुरू केला. साडूनंच पढवलं असेल. आधीच ठरलं असेल. पिशवी इतक्या पटकन भरली कशी? पण या वेळी त्याला स्वतःचाच वीट आला. दोन्ही हातांनी तोंड झाकून तो मोठ्यानं म्हणाला, "पुरे की रे आता!" ऐकायला कुणी नव्हतं.

दिवेलागणीला फोन वाजला. मेहुणी होती.

"भावोजी, ताई नीट पोचली. जेवली थोडं. रडली बिडली नाही. आता पडलीय जरा."

तो कानाशी फोन धरून बसला. खरंच जेवली? पडलीय, की शेजारी बसून ऐकतेय? तिला दे जरा फोन, हे शब्द अगदी ओठांवर आले. त्यानं ते गिळले.

"बरं," तो म्हणाला. "तू म्हणतेस ना, मग ठीक आहे."

मेहुणीला त्यात काही विशेष वाटलं नाही. तिनं फोन ठेवला, आणि ताईला सांगायचंही तिच्या लक्षात राहिलं नाही.